उभं राहायचा नियम

माझ्या क्लासला मुलं मागून ‘उभा क्लास’ म्हणतात, हे मला बरीच वर्षं माहीत आहे. नियम साधा आहे. फळ्यावर इंग्रजी वाक्य असतं, मी ओळीनं विचारत जाते, आणि ज्याचं उत्तर चुकेल तो उभा राहतो. पुढचं उत्तर बरोबर आलं की बसायचं. मारणं नाही, ओरडणं नाही, घरी फोन नाही. फळ्यावर लिहायचं कामही मी एखाद्या मुलीला देते आणि स्वतः खुर्चीत बसते. सगळे उभे आणि मॅडम बसलेल्या, असंही कधी कधी होतं. या नियमाचा मला अभिमान होता. पालकांना मी तो चहा पाजावा तशा अगत्यानं सांगायची.

क्लास दादरला आहे, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत, लग्नपत्रिकांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला दोन खोल्या. दहावीचं इंग्रजी शिकवते. आणि दहावीच्या इंग्रजीतही माझं नाव झालं ते क्लॉजवर. मोठ्या वाक्याच्या पोटात छोटी वाक्यं असतात. त्यातलं एक स्वतःच्या पायावर उभं राहतं, दुसरं त्याच्या आधारानं. आधारानं राहणारं नामाचं काम करतंय, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं, एवढंच ओळखायचं. पण एवढ्यावरच मुलांची बोबडी वळते. शाळेत सर घाईघाईत उरकतात, गाइडमध्ये नुसती उत्तरं असतात, मग पोरं येतात माझ्याकडे. दादर, माटुंगा, वडाळा, परळ, सगळीकडून येतात.

मी मूळची कुठली, ते मात्र मी कुणाला सांगत नसे. कुणी विचारलं तर ‘इथलीच, माटुंग्याची’ म्हणायचे, आणि लग्नानंतरचा पत्ता पाहिला तर ते खोटंही नाही. लालबागची चाळ, मिलमध्ये असलेले वडील, मालवणीत बोलणारं घर, हे सगळं मी कॉलेजात असतानाच गुंडाळून ठेवलं होतं. माझं मराठी ऐकून लोक विचारतात, पुण्याच्या का तुम्ही? मी हसते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही.

तर अशा या क्लासात एका जुलैत माझी मोठी बहीण येऊन बसली.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडिलांची मिल रडतखडत चालून शेवटी बंद पडली तेव्हा ती आठवीत होती आणि मी दुसरीत. आई चाळीतल्या माणसांना जेवण करून घालायची. तिला हाताखाली कुणीतरी लागत होतं. आई म्हणाली, मोठी घरात लागते, धाकटीला शिकू दे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर अजिबातच नाही. ताईनं शाळेची पुस्तकं माझ्या ट्रंकेत ठेवली आणि भाकऱ्या थापायला बसली. पुढे ती परळच्या एका खासगी हॉस्पिटलात आया म्हणून लागली, काँट्रॅक्टवर. आज वीस वर्षं झाली, काँट्रॅक्ट तसंच आहे.

त्या जुलैत ती माटुंग्याला घरी आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, “गो, मी सतरा नंबरचो फॉर्म भरतंय.”

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसायचं तर तो फॉर्म भरावा लागतो. मी म्हटलं, आता कशाला? तर तिनं सगळं नीट सांगितलं. हॉस्पिटल जुन्या आयांना कायम करणार होतं. पण दहावी पास हवी, आणि सर्टिफिकेट पुढच्या जुलैच्या आत. एकदाच. नंतर तिचं वय बसत नव्हतं. कायम झाली तर पगार, रजा, म्हातारपणाची सोय. नाही झाली तर साठाव्या वर्षीही बेडपॅन उचलत कंत्राटदाराच्या मर्जीवर.

“गणिताचा माका भय नाय,” ती म्हणाली. “रोज सलाईनचे थेंब मोजतंय. मराठी येता. इतिहास पाठ करीन. इंग्रजीचा काय ता तू बघ.”

मी लगेच हो म्हटलं, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवते. पण त्याच दमात पुढचंही बोलले. “ताई, क्लासमध्ये आपलं नातं नको सांगूस. मुलं फायदा घेतात. मला मॅडमच म्हण.”

मुलं कसला फायदा घेणार होती? माझ्या बहिणीला ओळखून त्यांना काय मिळणार होतं? पण कारण तयार होतं आणि ते शिस्तीचं होतं, त्यामुळे ते मलाही खरं वाटलं. ताईनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग डाव्या कानाची पाळी ओढत म्हणाली, “बरा. मॅडम तर मॅडम.”

ती शेवटच्या बाकावर बसायची. आठवड्यातले तीन दिवस, सकाळची ड्युटी संपवून. मुलं तिला मावशी म्हणू लागली. ती मुलांना कोकमाच्या गोळ्या द्यायची, त्यांची सुटलेली बुटांची नाडी दाखवायची, आणि माझ्याकडे बघून एकदाही ओळखीचं हसायची नाही. शब्द पाळावा तर तिनं. प्रश्न विचारताना मी तिची ओळ येण्याआधीच वाक्य बदलायची, तास संपवायची, काहीतरी करायची. तिला उभं करायची वेळ येऊ नये असं वाटायचं. निदान मला तसंच आठवायला आवडतं.

दिवाळीत ती फराळ घेऊन घरी आली. सासूबाई, मी, ती, अशा तिघी बसलो होतो. डबा उघडून तिनं माझ्यापुढे केला आणि म्हणाली, “मॅडम, चकली घ्या.”

सासूबाई हसून लोटपोट झाल्या. “अगं, घरात पण मॅडम?” ताईही हसली, जीभ चावली. मीही हसले. सवय लागली होती तिला, तीही माझ्यामुळे, आणि मी चकली छान झालीये म्हणाले.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ते घडलं.

माटुंग्याच्या एक बाई मुलीच्या प्रवेशाआधी क्लास बघायला आल्या होत्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, गॉगल डोक्यावर, मराठीत तीन शब्दांमागे दोन इंग्रजी. असे पालक आले की माझ्यात वारं शिरतं. पाठ ताठ होते, उच्चार गोल होतात. मी त्यांना मागे खुर्ची दिली. ती खुर्ची नेमकी ताईच्या बाकाशेजारी. ताई त्या दिवशी ड्युटीवरून तशीच आली होती, आयांची निळ्या काठाची साडी, अंगाला फिनेलचा वास. बाईंनी खुर्ची जराशी सरकवली. जराशीच. पण मला दिसलं, आणि राग यायच्या ऐवजी मला त्या बाईंची माफी मागावीशी वाटली.

ओळीनं विचारत मी मागे मागे गेले. त्या दिवशी वाक्य बदलणं जमलं नाही, कारण बाई बघत होत्या आणि मला माझा नियम दाखवायचा होता. फळ्यावर होतं, ‘आय रिमेंबर द डे व्हेन यू केम होम’. तू घरी आलीस तो दिवस मला आठवतो. ‘व्हेन’पासून पुढचं क्लॉज कुठलं? ताईची पाळी आली, ती फळ्याकडे बघत राहिली. एवढी बघत राहिली की मुलं वळून पाहू लागली. मग म्हणाली, “ॲडव्हर्ब क्लॉज, मॅडम.”

‘व्हेन’ दिसलं की निम्मी मुलं हेच म्हणतात. कोणता दिवस, ते सांगणारं वाक्य ते, म्हणून विशेषणाचं. नेहमीची चूक. “चूक,” मी म्हटलं. “उभ्या राहा.”

इथवर नियमाप्रमाणे झालं. माझा नियम असा की उभ्या राहिलेल्याकडे मी पाचेक मिनिटांत परत येते, सोपंसं वाक्य देते, आणि बसवते. त्या दिवशी मी तिच्याकडे परत गेलेच नाही. सोपं वाक्य दिलं तर बाईंना वाटेल, इथली पातळीच ही. अवघड दिलं तर ती पुन्हा चुकेल. आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं तरी माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. चोराच्या मनात चांदणं. म्हणून मी तिच्यावरून नजर उचलून पुढच्या ओळींत फिरवत राहिले. सकाळी सातपासून वॉर्डात उभी असलेली बाई, पायांच्या शिरा फुगलेल्या, बाकाच्या कडेला एक बोट टेकवून उभी. टेकायचं नाही असाही माझा नियम आहे. थोड्या वेळानं तिनं बोटही काढून घेतलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, मावशी उभ्या आहेत.”

“नियम सगळ्यांना सारखा,” मी म्हटलं.

तास संपायला तेव्हा चाळीस मिनिटं होती. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर आहे, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तास सुटला. मुलं त्या दिवशी आवाज न करता निघाली. माटुंग्याच्या बाई पुढे आल्या, फारच इम्प्रेस झालेय म्हणाल्या, आणि दाराकडे मान करून हळूच विचारलं, “त्या कोण?”

ताई दाराशी वाकून चप्पल घालत होती. चार पावलांवर.

मी म्हटलं, “हॉस्पिटलमध्ये आया आहेत. अशा गरजू बायकांना मी फुकट शिकवते.”

हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा उलटंपालटं केलंय, सांगता येणार नाही. नुसतं ‘ओळखीच्या आहेत’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. नाही. मला खोट्यावर वर मोठेपणाही हवा होता. जिनं शिकायचं सोडलं म्हणून मी शिकले, तिच्यावर मी उपकार करत होते, फुकट! ताईनं दुसऱ्या पायात चप्पल घातली, पदर नीट केला आणि जिना उतरली. घाई नाही, मागे वळणं नाही. बाई म्हणाल्या, “सो नाइस ऑफ यू.”

सोमवारी ताई आली नाही. मोबाइलवर मेसेज आला, ड्युटी बदलली, आता जमणार नाही. ड्युटी बदलली नव्हती हे मला कळत होतं. मी ‘ठीक आहे, काळजी घे’ असं लिहून पाठवलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मावशीची जागा रिकामी झाली आणि माझी पाठ सैल झाली. तिची परीक्षा, तिची नोकरी, ते सगळं मी ‘बघू नंतर’ या खुंटीला टांगून टाकलं. ती मला रागावून फोन करेल, भांडेल, मग मी रडेन आणि सगळं मिटेल, असा माझा हिशेब होता. तिनं फोन केला तो आईच्या बीपीच्या गोळ्या गावी पाठवल्यात एवढं सांगायला.

जानेवारीत सराव सुरू झाला. एक दिवस बघते तर पहिल्या बाकावरची तीच मुलगी, मावशींसाठी हात वर करणारी, उत्तर देण्याआधी वहीतल्या वाक्यावर तळहात ठेवते. अर्धं वाक्य झाकते, उरलेलं वाचते, मग हात सरकवते आणि दुसरा अर्धा वाचते. उत्तर बरोबर. शेजारची नायगावची मुलगी, तीही तसंच. मग तिसऱ्या बाकावर एक. मी असं कधी शिकवलं नव्हतं. माझी पद्धत जोडशब्द बघा आणि प्रश्न विचारा अशी, फळ्यावरची. हात लावायचं तिच्यात काही नाही.

पण तो हात मला माहीत होता.

मी पाचवीत गेले, इंग्रजी सुरू झालं, तेव्हा संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत ताई मला वाचायला बसवायची. तिची शाळा सुटून तीन वर्षं झाली होती. लांब शब्द आला, लांब वाक्य आलं की मी रडकुंडीला यायची. मग ती पानावर आपला तळहात ठेवायची. अर्धंच वाच, म्हणायची. झालं? आता हा अर्धा. माझ्या पाचवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात पानोपानी हळदीचे आणि पिठाचे ठसे होते. ते पुस्तक मी पुढे रद्दीत दिलं.

मी खुर्चीत घट्ट बसून राहिले. नायगावच्या मुलीची पाळी होती. वाक्य होतं, ‘ही डिड नॉट कम बिकॉज ही वॉज इल’. तिनं झाकलं, वाचलं, हात सरकवला आणि स्वतःशीच पुटपुटली, “नाही आला. कित्याक?” आणि मग मोठ्यानं, “ॲडव्हर्ब क्लॉज, मॅडम. कारण सांगतंय.”

ती मुलगी मूळची सोलापूरकडची. तिच्या घरात सात पिढ्यांत कुणी मालवणी ‘कित्याक’ म्हटलं नसेल.

“हे झाकायचं कुणी शिकवलं तुम्हाला?” मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी पहिल्या बाकावरची उठून उभी राहिली, न चुकताच, आणि म्हणाली, “मावशींनी. आम्ही रविवारी जातो त्यांच्याकडे लालबागला. म्हणजे आम्ही त्यांना शिकवायला जातो. पण मग त्याच आम्हाला…”

“कधीपासून?”

“त्या शनिवारनंतर.”

कोणता शनिवार, ते मी विचारलं नाही. वर्गात कुणालाच विचारावं लागलं नसतं.

“मॅडम, रागवू नका,” नायगावची म्हणाली. एकदा बोलायला लागली की तिला थांबता येत नाही. “आम्हाला माहीत होतं त्या तुमच्या ताई आहेत ते. पहिल्याच महिन्यात कळलं. विचार करताना तुम्ही पण कानाची पाळी ओढता आणि त्या पण. सेम टू सेम. आम्ही मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, हो, पण तुम्हाला माहितीये हे मॅडमना कळता कामा नये.”

“का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“म्हणाल्या, ती लहान आहे. तिला लाज वाटेल.”

तीसेक मुलं होती समोर. म्हणजे त्या शनिवारी ही सगळी मुलं सख्ख्या बहिणीनं सख्ख्या बहिणीला उभं केलेलं बघत होती. ‘नियम सगळ्यांना सारखा’ म्हणाले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. दारातलं ते फुकटचं वाक्यही कुणीतरी ऐकलंच असणार. आणि नंतरचे दोन महिने ती पोरं रोज ‘गुड ईव्हनिंग मॅडम’ म्हणत होती, मला सांभाळून घेत होती, कारण ताईनं त्यांना तसं सांगितलं होतं. माझे कान तापले. हात लपवायला जागा मिळेना. या वयात मुलांसमोर एवढी उघडी पडेन असं वाटलं नव्हतं.

त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं. चुकले, एवढं तरी. मी म्हटलं, “पुढचं वाक्य घ्या.”

रविवारी लालबागला गेले. चाळीच्या निम्म्या जागेवर आता टॉवर आहे, उरलेली निम्मी आमची. ताईचा नवरा गावी असतो, मुलगा पुण्याला नोकरीला, त्यामुळे खोलीत ती एकटीच. दाराबाहेर मुलींच्या चपला होत्या. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि घावण्यांचा वास. मी गॅलरीत थांबले, परत फिरावं की काय असं मनात आलं, तेवढ्यात तव्याशी बसलेल्या ताईनं मला पाहिलं.

“ये गो. गरम आसत, खा.” जसं काही मी दर रविवारी येत होते.

दोघी मुली मला बघून तटकन उभ्या राहिल्या.

“बसा गो,” ताई म्हणाली. “आमच्याकडे कोण उभा रवणा नाय.”

टोमणा नव्हता तो. ताईला टोमणे येत नाहीत, ते सगळे माझ्या वाट्याला आले. पण मला तो लागला आणि मी मुकाट्यानं चटईवर बसले. जमिनीवर, मुलींच्या शेजारी. ताई एका हातानं घावणे उलटत होती आणि दुसरा हात वहीवरच्या वाक्यावर होता. मुली तिला विचारत होत्या, ती चुकत होती, हसत होती, परत हात सरकवत होती. मी घावणे खाल्ले. ओल्या नारळाचा रस होता बरोबर. त्या घरात माझी मालवणी नीट वळेना. किती वर्षं बोलले नव्हते.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. मी म्हटलं, “ताई, त्या शनिवारी मी…”

“ता वाक्य सोपा होता गो,” ती मधेच म्हणाली. “पण वाचला आणि आई तुका घेवन घराक इली तो दिवस आठवलो. लाल दुपट्यात गुंडाळलेला. माझो प्रश्न रवलो बाजूक.” मग माझ्या खांद्यावरचं पीठ झटकलं, तिच्याच हाताचं लागलेलं. “आता जा. माका पास होऊ दे, मगे बोलया.”

मार्चमध्ये तिनं परीक्षा दिली. केंद्र वडाळ्याला होतं. मी सोडायला येऊ का विचारलं, तर म्हणाली, नको, पोरी आहेत बरोबर. एकाच केंद्रावर नंबर आले होते त्यांचे. मी त्या दिवशी घरी बसून उगीचच घड्याळ बघत राहिले.

निकाल लागला तेव्हा माझी सुट्टीतली नवी बॅच सुरू झाली होती. नवी मुलं, आणि मागच्या खुर्च्यांवर काही पालक, त्यांत माटुंग्याच्या त्याच बाई. त्यांच्या मुलीनं प्रवेश घेतला होता. मी खुर्चीत बसून क्लॉज म्हणजे काय ते सांगत होते. दार वाजलं. दारात ताई. आयांचीच साडी, हातात पेढ्यांचा पुडा, मागे त्या दोघी मुली. तिनं चप्पल बाहेर काढली, उंबऱ्याशी थांबली आणि म्हणाली, “मॅडम, आत येऊ?”

म्हणजे पास. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. इंग्रजीत एकेचाळीस, मागची एक पोरगी बोटांनी खुणा करून सांगत होती. आणि ताई अजूनही मॅडमच म्हणत होती. दहा महिन्यांपूर्वी मी मागितलेला शब्द तिनं पास होऊनही सोडला नव्हता.

माटुंग्याच्या बाईंनी ओळखलं. “अरे, ह्या त्याच ना? तुम्ही फ्री शिकवत होतात त्या? पास झाल्या? ग्रेट वर्क, मॅडम!” बाकीचे पालक कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले.

अजूनही गप्प बसता आलं असतं. ताईनं गप्पच बसू दिलं असतं. मी खुर्चीतून उठले.

“मी शिकवलेलं नाही,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच चिरका वाटला. “मी ह्यांना चाळीस मिनिटं उभं केलं होतं, तुमच्यासमोर. आणि मग तुम्हाला खोटं सांगितलं. ही माझी सख्खी मोठी बहीण आहे. लालबागची. मला इंग्रजी वाचायला हिनं शिकवलं, शाळा सोडून.”

बाई ‘ओह’ म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. नव्या मुलांना काही कळलं नाही, ती पेढ्यांकडे बघत होती. ताईचा चेहरा मात्र कसनुसा झाला. तिला हे नको होतं. चारचौघांत माझं असं होणं तिला कधीच नको होतं, त्यासाठी तर एवढं सगळं केलं होतं तिनं. ती पुढे आली, माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि हळूच म्हणाली, “झाला. बस गो आता.”

मी तिला हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. नको नको म्हणत ती टोकाला टेकली. मग मी फळ्याशी जाऊन राहिलेला तास घेतला, उभ्यानं. घड्याळ समोर होतं, चाळीस मिनिटं उरली होती. विसाव्या मिनिटाला पाय भरून आले, आणि मी तर सकाळपासून बसूनच होते.